स्वयंसेवकांना काम देणे हेही एक काम आहे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२६ हे वर्ष शाश्वत विकासासाठीचे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून जाहीर केले आहे. कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी केलेल्या स्वच्छता मोहिमा, रोपांची लागवड, अंगणवाड्यांच्या भिंतींची रंगरंगोटी यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत एरवीही येतात. या वर्षात ती अधिक येतील असे वाटते. पुण्यातील वस्त्यांमध्ये मुलांसाठी वाचनवर्ग चालवणाऱ्या एका लहान संस्थेत मी सतरा वर्षे स्वयंसेवकांच्या समन्वयाचे काम करते आहे. त्या छायाचित्रांच्या आधी आणि नंतर काय घडते हे मी जवळून पाहिले आहे आणि त्याविषयी आपल्या वाचकांशी, विशेषतः कंपन्यांमध्ये हे काम पाहणाऱ्यांशी आणि माझ्यासारख्या संस्थांमधील कार्यकर्त्यांशी, थोडे सविस्तर बोलावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, याबद्दल क्षमस्व.

आमच्याकडे येणारा फोन साधारण असा असतो : ‘मॅडम, पुढच्या शुक्रवारी दुपारी दोन ते पाच आमची साठ माणसे मोकळी आहेत, त्यांना काहीतरी काम द्या आणि शक्यतो मुलांबरोबरचे द्या.’ फोन करणारी व्यक्ती मनापासून बोलत असते. तिला वर्षभरात कर्मचाऱ्यांच्या सेवेचे ठराविक तास भरायचे असतात, बस ठरवायची असते, वरिष्ठांना अहवाल द्यायचा असतो आणि तिच्याही हाताशी दिवस थोडेच असतात. आमच्या बाजूने मी पहिली काही वर्षे अशा प्रत्येक फोनला होकार देत गेले, कारण साठ माणसांना नाही म्हटले तर त्याच कंपनीकडून येऊ शकणारी देणगीही हातची जाईल, ही भीती माझ्या मनात असे.

अशाच एका शुक्रवारचा हिशेब मी नंतर वहीत मांडला होता. साठ माणसांचे तीन तास म्हणजे १८० तासांची मदत झाली, असे कागदावर दिसत होते. त्यासाठी साहित्य आणणे, गट पाडणे, मुलांच्या पालकांना सांगून शुक्रवारी दुपारी मुले जमवणे, नाश्त्याची व पाण्याची व्यवस्था, त्या दिवशीची धावपळ आणि नंतरची आवराआवर यांत आमच्या चार पूर्णवेळ कार्यकर्त्यांचे पाच दिवस गेले, म्हणजे दिवसाला आठ तास धरले तर १६० तास. हे १६० तास आम्ही वर्गांमधून काढून घेतले होते, कारण ते काढायला दुसरी जागाच नव्हती. बदल्यात मिळाली ती एका अंगणवाडीची रंगवलेली भिंत, आणि तीवर आठच महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी बाराखडी व फळे रंगवलेली होती. दुसरी भिंत उपलब्ध नव्हती म्हणून चांगली बाराखडी पांढऱ्या रंगाखाली घालून तिथे पुन्हा बाराखडी काढली गेली. त्या सेविकाताई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी विसरलेले नाही.

त्या दिवशीची दुसरी एक गोष्ट मला याहून अधिक टोचते. मंडळी बसमध्ये चढत असताना एक तरुण मागे थांबला आणि म्हणाला, ‘ताई, मी एकटाच पुन्हा आलो तर चालेल का?’ माझ्याजवळ त्याला देण्यासारखे उत्तर नव्हते. साठ जणांसाठी तीन तासांचा कार्यक्रम आम्ही आखला होता, पण एका माणसाने दर आठवड्याला येऊन नेमके काय करायचे, कोणत्या वर्गात बसायचे, कोणाला विचारायचे, हे आम्ही कधी ठरवलेच नव्हते. ‘कळवते’ असे म्हणून मी त्याला निरोप दिला. त्याचा फोन नंबरही मी घेतला नाही आणि तो पुन्हा आला नाही.

स्वयंसेवकांची वानवा आहे अशी तक्रार संस्थांच्या बैठकांमध्ये नेहमी ऐकू येते. माझा अनुभव वेगळा आहे. चांगल्या मनाची माणसे पुष्कळ आहेत. त्यांच्या हाती देता येईल असे, नीट विचार करून बेतलेले काम मात्र फार थोड्या ठिकाणी तयार असते. असे काम बेतण्यासाठी, माणसे निवडण्यासाठी, त्यांना शिकवण्यासाठी आणि त्यांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी कोणीतरी पूर्णवेळ लागते. त्या व्यक्तीच्या पगाराची तरतूद करायला कंपन्या तयार नसतात आणि ती मागायला संस्था धजत नाहीत. माझे सारे म्हणणे या एका मुद्द्याभोवती आहे.

महाराष्ट्राला श्रमदान नवे नाही. गाडगेबाबा दिवसा गाव झाडून काढत आणि रात्री कीर्तनात त्या स्वच्छतेचा अर्थ लोकांना सांगत. बाबा आमट्यांच्या प्रेरणेने चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून भरणाऱ्या श्रमसंस्कार छावण्यांनी तरुणांच्या पिढ्या घडवल्या. २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास काम करावे, दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर करावे, अशी शिस्त घालून दिलेली आहे, आणि ती जिथे मनापासून पाळली जाते तिथे त्या योजनेचे मोल दिसते. या सगळ्यांत ठरलेली मुदत होती, ठरलेली जागा होती आणि काम शिकवणारे कोणीतरी तिथे हजर होते.

अलीकडच्या काळातील मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावांमधल्या जलसंधारण स्पर्धेचे आहे. ही स्पर्धा २०१६ साली वरुड, कोरेगाव आणि आंबाजोगाई या तीन तालुक्यांपासून सुरू झाली आणि २०१९ पर्यंत दर उन्हाळ्यात होत राहिली. पुण्या-मुंबईहून हजारो माणसे जलमित्र म्हणून १ मे रोजी गावोगावी श्रमदानाला गेली, याची बरीच चर्चा तेव्हा झाली. मला मात्र त्या माणसांच्या आधी जे घडले ते अधिक महत्त्वाचे वाटते. स्पर्धेत उतरणाऱ्या गावातील निवडक स्त्री-पुरुषांना आधी निवासी प्रशिक्षण मिळत असे. माथ्यापासून पायथ्याकडे काम कसे करत यायचे, समपातळी रेषा कशी काढायची, चराची लांबी-रुंदी-खोली किती ठेवायची, हे ती माणसे शिकून आलेली असत. शहरातील माणूस पहाटे डोंगरावर पोहोचे तेव्हा जमिनीवर फक्कीने रेषा मारलेल्या असत, कुदळी, फावडी आणि घमेली मोजून ठेवलेली असत, आणि गावातील एखादी बाई त्याला कुठे खणायचे व कुठे थांबायचे हे सांगत असे. ऊन चढण्याआधी काम थांबे. पाहुण्याच्या अंगमेहनतीला गावाच्या योजनेत आधीपासून एक जागा राखलेली होती. तो आला नसता तरी गावाने काम केलेच असते, आणि तो आल्यामुळे गावाचा वेळ वाया गेला नाही. जलसंधारणाच्या त्या कामांच्या दीर्घकालीन परिणामांविषयी जाणकारांमध्ये मतभेद आहेत आणि त्यात शिरण्याचा माझा अधिकार नाही, परंतु स्वयंसेवकाला काम कसे द्यावे याचा धडा म्हणून मी ते उदाहरण आमच्या प्रत्येक नव्या कार्यकर्त्याला सांगते.

असाच दुसरा धडा ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाचा. प्रथम या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत आलेल्या या सर्वेक्षणात देशभरातील जिल्ह्यांमधल्या महाविद्यालयांचे विद्यार्थी, स्थानिक संस्थांचे कार्यकर्ते आणि अध्यापक विद्यालयांचे छात्राध्यापक घरोघरी जाऊन मुलांचे वाचन व गणित तपासतात. तपासणीचे साधन इतके सुटसुटीत आहे की अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट या पायऱ्यांवर मूल कुठे उभे आहे हे काही दिवसांच्या प्रशिक्षणानंतर कोणताही मनापासून काम करणारा तरुण सांगू शकतो. शिवाय त्याने केलेल्या कामाची काही ठिकाणी फेरतपासणी होते. त्याच्या चांगुलपणावर विसंबून न राहता त्याच्या हाती योग्य साधन दिले आणि त्याच्या पाठीमागे तपासणीची सोय ठेवली, म्हणून त्या आकड्यांवर इतकी वर्षे सार्वजनिक चर्चा होऊ शकली.

हे सारे पाहून आम्ही आमची पद्धत हळूहळू बदलली. आता वाचनवर्गाच्या स्वयंसेवकाकडून आम्ही किमान एका सत्राची, म्हणजे जून ते ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर ते मार्च अशी, हमी घेतो आणि आठवड्यातील एकच वार ठरवून देतो. पहिले दोन आठवडे त्याने फक्त बसायचे आणि पाहायचे. त्यानंतर त्याच्याकडे चार मुलांचा एक गट येतो. प्रत्येक गटाची एक वही असते. कोणत्या मुलाने कोणते पुस्तक वाचले, कोणत्या जोडाक्षराशी ते अडखळले, कोणते मूल का आले नाही, एवढे चार ओळींत लिहूनच स्वयंसेवकाने घरी जायचे. या वहीमुळे एखादा स्वयंसेवक आजारी पडला किंवा त्याची बदली झाली, तरी पुढचा माणूस त्या मुलाला पुन्हा पहिल्या पानावर नेऊन बसवत नाही. स्वयंसेवकाचे जाणे-येणे हे मुलांच्या दृष्टीने मोठे दुखणे आहे. आमच्या एका वर्गात वर्षभरात पाच ताया बदलल्या तेव्हा सहाव्या ताईला मुलांनी स्वतःची नावे सांगायचेच टाळले होते, आणि ‘तुम्ही किती दिवस?’ हा प्रश्न एका सात वर्षांच्या मुलीने तिला पहिल्याच दिवशी विचारला होता. म्हणून कोणी सोडून जाणार असेल तर त्याने महिनाभर आधी सांगावे आणि शेवटच्या दिवशी मुलांचा नीट निरोप घ्यावा, असा आमचा आग्रह असतो. एवढ्या अटी ऐकून निम्मी माणसे परत जातात. राहिलेल्यांपैकी बरीच जण दुसऱ्या सत्रालाही थांबतात.

कंपनीबरोबरचे आमचे सर्वांत चांगले चाललेले काम साठ माणसांचे नव्हते, चौदा माणसांचे होते. त्या कंपनीतील जबाबदार व्यक्तीने आमचे म्हणणे तासभर शांतपणे ऐकले, दोन वर्ग स्वतः पाहिले आणि मग कार्यालयात जाऊन एक साधी गोष्ट केली : बुधवारी चार ते सहा ही वेळ या चौदा जणांच्या कामाच्या वेळापत्रकात इतर कोणत्याही बैठकीसारखी नोंदवून घेतली, जेणेकरून ऐनवेळी त्यांच्या वरिष्ठाने त्यांना अडवू नये. चौदापैकी दोघे कायम राखीव असत आणि कोणी रजेवर असले की त्यांच्यातील एकजण येई. कंपनीने आमच्या समन्वयक कार्यकर्तीच्या पगाराचा निम्मा भार तीन वर्षे उचलला. त्या तीन वर्षांत आमच्याकडे कंपनीच्या नावाचा एकही फलक लागला नाही आणि त्यांनी तो मागितलाही नाही. मुलांना त्या कंपनीचे नाव माहीत नव्हते, माणसांची नावे माहीत होती.

पगाराचा विषय निघाला आहे म्हणून कायद्याविषयी थोडे लिहिते, कारण याबाबत दोन्ही बाजूंना बरेच गैरसमज असतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, आधीच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, उलाढाल १००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वाच्या कामांवर खर्च करावयाची असते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिरात यांसारखे एकदाच होणारे कार्यक्रम या खर्चात धरता येत नाहीत, असे केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून २०१४ च्या परिपत्रकातच स्पष्ट केले होते, आणि कर्मचाऱ्यांनी स्वेच्छेने दिलेल्या सेवेचे पैशांत मोल करून ते या खर्चात दाखवता येणार नाही, हे ऑगस्ट २०२१ मधील खुलाशात सांगितले आहे. म्हणजे साठ माणसांच्या १८० तासांनी कायद्याने घालून दिलेला एक रुपयाही खर्च होत नाही. ते तास कंपनी देते ते स्वतःच्या इच्छेने, आणि म्हणूनच ते देताना घाई करण्याचे काही कारण नाही.

दुसरा गैरसमज प्रशासकीय खर्चाच्या ५ टक्के मर्यादेचा. समन्वयकाचा पगार मागितला की ‘प्रशासकीय खर्चाला आम्ही पैसे देत नाही’ असे उत्तर आम्ही अनेकदा ऐकले आहे. नियमांतील ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सामाजिक उत्तरदायित्व विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनाच्या खर्चावर आहे. एखाद्या विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून वगळलेला आहे. वाचनवर्गाच्या प्रकल्पात स्वयंसेवकांना शिकवणारी, त्यांच्या वह्या तपासणारी आणि मुलांच्या घरी जाऊन बोलणारी कार्यकर्ती हीच अंमलबजावणी आहे. संस्थांनी प्रस्ताव लिहिताना तिचा पगार ‘इतर खर्च’ या शीर्षकाखाली लपवू नये, प्रकल्पाचा खर्च म्हणून पहिल्या पानावर लिहावा, आणि कंपन्यांनी तो वाचून कपाळावर आठ्या आणू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

काम आणि माणूस यांची सांगड घालण्यात आपण किती कमी विचार करतो याचे एक उदाहरण दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या परीक्षांचे आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये लेखनिकांची मोठी निकड असते आणि ती ऐकून काही कंपन्या उत्साहाने अभियंत्यांची यादी पाठवतात. प्रत्यक्षात, परीक्षार्थी स्वतःचा लेखनिक आणणार असेल तर त्याचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी असावे, असे केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते. त्यामुळे बारावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलीला पदवीधर अभियंता चालत नाही, तिला खालच्या इयत्तेतील मुलगा किंवा मुलगी हवी असते. त्याच अभियंत्याने पाठ्यपुस्तके आणि संदर्भग्रंथ ध्वनिमुद्रित करून दिले, टंकलिखित मजकूर तपासून दिला किंवा वर्षभर आठवड्यातून दोनदा फोनवरून वाचून दाखवले, तर त्या मुलीला त्याचा फार उपयोग होतो. मुंबईतील नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्था बोलक्या पुस्तकांचे काम कित्येक वर्षे करत आल्या आहेत. स्वच्छ, संथ, चुका न करता मराठी वाचणारा आवाज मिळणे सोपे नसते आणि या कामाला बसचीही गरज लागत नाही. ज्या मुलीची गरज आहे तिला किंवा तिच्यासाठी काम करणाऱ्यांना एकदा विचारले असते तर यादी पाठवण्याआधीच हे कळले असते.

संस्थांना हात लागतात त्याहून अधिक वेळा डोके लागते, हेही सांगायला हवे. आमच्याकडे काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या लेखा विभागातील एक गृहस्थ आले. मुलांमध्ये बसायला त्यांना संकोच वाटत होता आणि त्यांनी तो मोकळेपणाने सांगितला. त्यांनी सलग अकरा शनिवार आमच्या देणग्यांच्या नोंदी नीट लावून दिल्या. देणगीदारांचे विवरणपत्र आयकर विभागाकडे ३१ मेपर्यंत भरावे लागते. त्या आधीच्या वर्षी आम्ही शेवटच्या रात्री जागून ते कसेबसे भरले होते, आणि पुढच्या वर्षी ते एप्रिलमध्येच तयार झाले. त्यांचे छायाचित्र कुठेही आले नाही, कारण संगणकासमोर बसलेल्या माणसाचे छायाचित्र कोणी मागत नाही. टाटा समूहाने २०१४ पासून आपल्या कर्मचाऱ्यांना काही महिन्यांच्या मुदतीच्या, कौशल्यावर आधारित प्रकल्पांवर संस्थांबरोबर जोडून देण्याचा जो उपक्रम चालवला आहे, त्यामागे हाच विचार आहे. मोठ्या समूहाला ते जमते म्हणून मध्यम आकाराच्या कंपनीला जमणार नाही असे मुळीच नाही. आमचे ते गृहस्थ कोणत्याही उपक्रमाशिवाय आले होते, फक्त आम्ही आमची अडचण या वेळी नेमक्या शब्दांत लिहून दिली होती.

छायाचित्रांविषयी मात्र मला कठोरपणे लिहावे लागेल. बालगृहातील किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड होईल असे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र कोणत्याही माध्यमात प्रसिद्ध करण्यास बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ ने मनाई केलेली आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची किंवा २ लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची किंवा दोन्हींची तरतूद आहे. तरीही वाढदिवसाचा केक हातात घेतलेल्या मुलांबरोबरची छायाचित्रे समाजमाध्यमांवर सर्रास दिसतात. ती टाकणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते, त्यांना कोणी सांगितलेले नसते इतकेच, आणि सांगण्याची जबाबदारी संस्थेची आहे. आमच्या वस्तीतील मुले बालगृहात राहत नाहीत, त्यामुळे हे कलम त्यांना सहसा लागू होत नाही. तरी आम्ही वर्गात मोबाइल बाहेर ठेवायला सांगतो आणि पालकांच्या लेखी संमतीवाचून कोणाचेही छायाचित्र काढू देत नाही. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाचे ओळखपत्र, पत्ता व दोन ओळखीच्या व्यक्तींची नावे आम्ही घेतो, पोलीस पडताळणी मागतो आणि कोणीही प्रौढ व्यक्ती मुलाबरोबर बंद खोलीत एकटी राहणार नाही याची काळजी घेतो. यावर एका कंपनीच्या अधिकाऱ्याने ‘आमच्या माणसांवर विश्वास नाही का?’ असे दुखावून विचारले होते. विश्वासाचा प्रश्न नाही, हे मी त्यांना सांगितले. ज्या नियमाला अपवाद केला जातो तो नियम मुलांना वाचवू शकत नाही. ते पुढे आमच्याबरोबर राहिले नाहीत आणि त्याची मला खंत वाटत नाही.

झाडांविषयी थोडक्यातच लिहिते, कारण त्यावर अधिक जाणकार माणसे लिहीत असतात. पावसाळ्यात रोप लावणे हा त्या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. पहिली तीन वर्षे फेब्रुवारी ते मे या महिन्यांत त्याला पाणी घालणारा, आळे करणारा, वणव्याआधी भोवतीचे वाळके गवत काढणारा माणूस कोण, हे ठरल्याशिवाय जुलैमध्ये खड्डे घेऊ नयेत. पुण्याच्या टेकड्यांवर रोज सकाळी पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन चढणारी साधी माणसे आहेत. कंपनीने फेब्रुवारी ते मे या महिन्यांतील दहा रविवार त्यांच्या सोबतीला दिले, तर जुलैमधील एका दिवसापेक्षा त्याचा उपयोग मोठा होईल.

संस्थांच्या बाजूनेही काही बदल तातडीने व्हायला हवेत आणि त्याची सुरुवात माझ्यासारख्यांपासून व्हायला हवी. आपल्याला खरोखर कोणत्या कामासाठी, कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी, किती माणसे हवी आहेत, त्यांना काय येत असले पाहिजे आणि त्यांना कोण शिकवणार आहे, हे लिहिलेला एक कागद दरवर्षी एप्रिलमध्ये प्रत्येक संस्थेने तयार करावा. फोन आला की तोच कागद पुढे करावा आणि त्यात न बसणाऱ्या कामाला नम्रपणे नकार द्यावा. आम्ही पहिल्यांदा नकार दिला तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती. त्या कंपनीने तीन महिन्यांनी पुन्हा फोन केला आणि ‘तुमच्या कागदातले तिसरे काम आम्हाला जमेल’ असे कळवले. स्वयंसेवकांचा प्रवासखर्च देण्याचीही तरतूद ठेवावी. वस्तीतीलच महाविद्यालयीन मुलगी जेव्हा स्वयंसेवक म्हणून येते तेव्हा तिला बसचे भाडे परवडत नाही आणि ती ते मागतही नाही, ती हळूहळू येणे बंद करते, आणि आपण तिच्या नावापुढे ‘अनियमित’ असा शेरा मारतो. माझ्या हातून हे घडलेले आहे.

कंपन्यांना माझी एकच मोठी विनंती आहे. वर्षातून एकदा दोनशे माणसे पाठवण्याऐवजी तीच वीस माणसे वर्षभर पाठवावीत, त्यांची वेळ त्यांच्या वरिष्ठांकडून राखून घ्यावी आणि संस्थेच्या समन्वयकाच्या पगाराचा वाटा किमान तीन वर्षांसाठी उचलावा. अहवालात तासांच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना वाढवावा : गेल्या वर्षी आलेल्यांपैकी यंदा किती जण परत आले? हा आकडा लहान असेल, पण कार्यक्रम कसा चालला आहे हे तो तासांच्या आकड्यापेक्षा खरेपणाने सांगेल.

आणि आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. कर्मचाऱ्यांच्या सेवाकार्याचे छायाचित्र आपल्याकडे येईल तेव्हा त्याच ठिकाणी वर्षभरानंतर आपल्या वार्ताहराने एकदा जाऊन यावे आणि तिथे काय दिसले ते चार ओळींत छापावे. त्याचबरोबर मे महिन्यात, शाळा उघडण्याआधी, आपल्या परिसरातील लहान संस्थांना खरोखर कोणत्या कामासाठी किती माणसे हवी आहेत याची छोटी यादी आठवड्यातून एकदा प्रसिद्ध करता आली तर पाहावे. आमच्या यादीत यंदा बुधवारी व शनिवारी सायंकाळी दीड तास देऊ शकणारी नऊ माणसे, जोडाक्षरे शिकवण्याची हातोटी असलेले एक निवृत्त शिक्षक किंवा शिक्षिका आणि महिन्यातून एक शनिवार हिशेब पाहणारे कोणीतरी, एवढीच नावे असतील. एकट्याने येणाऱ्या माणसासाठी त्यांतील प्रत्येक कामाची वही तयार आहे.

कळावे,
आपली,
स्वयंसेवकांच्या समन्वयाचे काम करणारी एक वाचक,
पुणे